विळीची लेक

दर शनिवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या बागेतल्या ओट्यावर मी लोकांना लाकूड तासायला शिकवते. गुडगावचा तीस मजली टॉवर, आणि येणारे आठ-दहा जण. निम्मे निवृत्त, निम्मे डॉक्टरांनी ‘मोबाइल ठेवा आणि हाताला काम द्या’ असं बजावलेले. मागच्या महिन्यात चौदाव्या मजल्यावरचा एक इंजिनिअर बारा पात्यांचा संच घेऊन आला. मानेसरच्या कुठल्याशा कारखान्यात असतो, तिशीचा आहे, गोड आहे. संच ऑनलाइन मागवलेला, प्रत्येक पातं मखमलीच्या खोबणीत. “आंटी, शुरू किससे करूँ?” मी तीन पाती बाहेर काढली, बाकीची पेटीत ठेवून द्यायला सांगितली. त्यातलं लांब, निमुळत्या टोकाचं एक त्यानं हळूच परत उचललं आणि म्हणाला, “पर ये वाला तो मस्त है ना?” मला हसू आवरेना, कारण अगदी तसलंच पातं, त्याच हावरेपणानं, मी चौदा वर्षांची असताना उचललं होतं. त्याची खूण माझ्या डाव्या अंगठ्याच्या बुडाशी आहे. मी ती त्याला दाखवली आणि पातं जागेवर ठेवायला लावलं.

आधी काय करायचंय ते ठरवा, मग पातं निवडा, असं मी सगळ्यांना सांगते. लोकांना वाटतं हे माझं शहाणपण. ते आमच्या धारवाल्या चाचांचं. आणि त्याच्या पुढचं जे खरं शहाणपण आहे, ज्याच्या जोरावर मी आज या वयातही एकदासुद्धा न कापून घेता चमचे कोरते, ते माझ्या आईचं. तिनं जन्मात सुरीनं साधा कांदासुद्धा चिरलेला नव्हता.

आम्ही दिल्लीत रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. दोन खोल्या, एक बाल्कनी आणि जिन्याखाली सायकल ठेवायला जागा. बाबा मंत्रालयात होते आणि त्यांचं बोलणं निम्मं फाइलीतलं झालं होतं. पोळी हवी असली तरी ‘एक और, अर्जंट’ म्हणायचे. पलीकडे मुनिरका. आज तिथे विद्यार्थ्यांच्या खोल्यांवर खोल्या चढल्यात आणि गल्लीतून आभाळ दिसत नाही, पण तेव्हा तिथून आमचं दूध यायचं आणि म्हशींचा वास वाऱ्यावर थेट आमच्या बाल्कनीपर्यंत. आईनं साताऱ्याहून लग्नानंतर येताना ट्रंकेत घालून विळी आणली होती. काळा झालेला शिसवी पाट, त्यावर वर वळलेलं पातं, आणि पात्याच्या शेंड्याला नारळ खवायची दातेरी खवणी. आमच्या घराची सकाळ म्हणजे त्या विळीचा आवाज. कोबी असेल तर बारीक खसखस, दुधी असेल तर नुसता ओला सरसर, आणि नारळ असला की खवणीवर करवंटी फिरतानाचा घर्रर्र. शेजारच्या पंजाबी बायका खास बघायला यायच्या. “बहनजी, छुरी क्यों नहीं लेतीं?” आई म्हणायची, “हमको नहीं जमता. छुरी बहुत हलती है.” तिचं हिंदी तेवढंच होतं आणि तिला ते पुरत असे.

आईचे नियम खूप, आणि त्यातला पहिला म्हणजे धारेची वस्तू कुणाच्या हातात द्यायची नाही. खाली ठेवायची, दुसऱ्यानं ती उचलायची. हातात दिली की भांडण होतं. मीठ-मिरचीचंही तेच, पण विळी, कात्री, सुईदोरा यांच्या बाबतीत ती फारच कडक. बाबांनी एकदा घाईत कात्री तिच्यापुढे धरली, तर तिनं ती घेतलीच नाही, खाली ठेवायला लावली आणि मग उचलली. बाबा म्हणाले, “अच्छा, म्हणजे फाइल रिटर्न करून पुन्हा सबमिट करायची.” तरीही आमची आणि आईची, म्हणजे माझी आणि तिची, भांडणं रोज व्हायची. आमचं नातंच विळ्याभोपळ्याचं. केस, अभ्यास, मोठ्यानं हसणं, सायकल, काहीही चालायचं.

लाकडाचं वेड लागलं ते वैशाखातल्या धुळीच्या वादळामुळे. दिल्लीत आँधी येऊन गेली की दुसऱ्या दिवशी रस्त्यावर कडुनिंबाच्या फांद्यांचा खच पडलेला असतो. त्यातली एक मी उचलून आणली आणि बाबांच्या पेन्सिली तासायच्या छोट्या चाकूनं बाल्कनीत बसून सोलू लागले. साल निघाल्यावर आतलं ओलं, पिवळसर लाकूड बघून मी जी गुंतले ती जेवायला चार हाका मारेपर्यंत उठले नाही. आठ दिवसांनी पहिला चमचा तयार झाला. वाळू द्यायचं असतं हे कुणाला ठाऊक. बाबांनी त्यानं चहा ढवळला, एक घोट घेतला, चमच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “बिल्कुल ठीक आहे. मधुमेहावर उत्तम.” नंतर मी तुतीकडे वळले. कॉलनीत शहतुताची झाडं मुबलक, माळी फांद्या छाटायचा आणि हसत हसत मला देऊन टाकायचा.

आता चाचांचं सांगते. दर गुरुवारी दुपारी त्यांची हाक यायची, “चाकू-छुरी तेज करा लो,” शेवटचा ‘लो’ लांबवलेला. सायकल स्टँडवर उभी करायची, मागच्या सीटवर बसून पायडल मारायचं की पुढचं सहाणेचं चाक फिरायचं, आणि ठिणग्या उडायच्या. आई विळी न्यायची ती पायरीवर ठेवायची, ते उचलायचे; काम झाल्यावर ते ठेवायचे, ती उचलायची. “माताजी मुझसे झगड़ा नहीं चाहतीं,” ते म्हणायचे आणि आई पदरात हसायची. मी त्यांना माझे चमचे दाखवले. त्यांनी अंगठा फिरवून पाहिला, बाबांचा चाकू पाहिला आणि विचारलं, “इससे बनाया? बनाना क्या चाहती हो?” मी म्हटलं, चमचेच. “तो पहले काम बोलो, फिर छुरी. उल्टा नहीं.”

मग त्यांनी मला पात्यांची शाळाच घेतली. कारखान्यात मोडलेली मशीनच्या करवतीची पाती त्यांच्याकडे असायची. ती ते चाकावर घासून हवा तो आकार देत. त्यांनी मला पहिलं दिलं ते तर्जनीएवढं, धार अगदी सरळ, टोक खाली झुकलेलं. बारा आणे काम हीच करते, म्हणाले. काठी गोल करा, सपाट करा, कोपरे मोडा. दुसऱ्याला पुढे गोल पोट होतं. चमच्याचा दांडा जिथे वाटीला मिळतो तिथल्या वळणात सरळ धार अडते, पोटाची धार वळून जाते. तिसरं पातं आत आकड्यासारखं वळलेलं, वाटीचा खळगा कोरायला. सगळी आखूड. लांब पातं हाताचं ऐकत नाही, हे त्यांनी तीनदा सांगितलं. मी त्यांची नावं ठेवली, सरळी, पोटुशी आणि वाकडी. पोटुशी म्हटल्यावर आईनं माझ्या पाठीत धपाटा घातला, पण नाव टिकलं.

आणि मग मी चौथं मागितलं. लांब, निमुळतं, दोन्ही बाजूंनी चढत गेलेलं, कट्यारीसारखं. चाचा नाही म्हणाले. “नोक झगड़े के काम आती है, बिटिया. लकड़ी से झगड़ा थोड़े ही करना है.” मी चार गुरुवार हट्ट धरला. पाचव्या गुरुवारी त्यांनी ते कपाळाला हात लावून दिलं. तिचं नाव मी ठेवलं राणी. दिसायची खरंच राणीसारखी. उन्हात धरली की भिंतीवर कवडसा पडायचा.

त्या दिवाळीत आईनं एक गोष्ट केली जी तिनं एरवी कधीच केली नसती. महाराष्ट्र मंडळातल्या बायकांना तिनं सांगून टाकलं की यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडचं वाण मंदाच्या, म्हणजे माझ्या, हातचं. मिसळणाच्या डब्यात घालायचे लाकडी चमचे, अकरा जणींना अकरा. दिल्लीत आमच्या मंडळातल्या बायका वाणाच्या बाबतीत एकमेकींच्या वरचढ. कुणी स्टीलच्या वाट्या लुटायचं, कुणी पुण्याहून करंड्या मागवायचं. आई नेहमी काहीतरी साधं द्यायची आणि मग आठ दिवस गप्प असायची. यंदा ती फुशारकीनं बोलली होती, तीही माझ्या जिवावर. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

पहिले चार चमचे मी माझ्या पद्धतीनं केले. माझी पद्धत म्हणजे, आता लक्षात येतं, सरळ विळीची. मी पाटावर बसायची, चाकूची मूठ उजव्या गुडघ्याला घट्ट टेकवायची, धार पलीकडे, आणि डाव्या हातानं लाकूड आपल्याकडे ओढायची. पातं जागचं हलायचं नाही, लाकूड हलायचं. चिरणं म्हणजे असंच असतं, अशीच माझी समजूत. कॉलनीत दारं दुरुस्त करायला आलेला सुतार ते बघून खो खो हसला. “अरे, छुरी चलाते हैं कि लकड़ी?” चाचांनीही मान हलवली, ऐसे कौन करता है, म्हणाले. मला फार लागलं. पंजाबी मैत्रिणींपुढे आईची विळी, आईचं हिंदी, यांची मला आधीच लाज वाटायची. त्यात ही भर. मी ठरवलं, आपण रीतसर करायचं. पाचवा चमचा मी तळहातात धरला, वाकडी तितकी रुबाबदार दिसत नव्हती म्हणून राणी घेतली आणि तिच्या टोकानं खळगा खणू लागले. तिसऱ्या की चौथ्या खणण्याला टोक सटकलं. अंगठ्याच्या बुडाशी सहा टाके पडले. डिस्पेन्सरीतल्या डॉक्टरीणबाई टाके घालताना म्हणाल्या, अंगठा वाचला हे नशीब समज.

आई रडली नाही, ओरडली नाही. घरी आल्यावर तिनं चारही पाती उचलली, लोखंडी कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. “हात दाखवून अवलक्षण. संपलं आता ते.” मी म्हटलं, आणि वाण? ती म्हणाली, “वाणाचं माझं मी बघेन. मला मुलीचा अंगठा हवाय.” इथून आमचं जे भांडण सुरू झालं ते दोन महिने चाललं, आणि ते आधीच्या भांडणांसारखं नव्हतं. आधी आम्ही दोघी बोलायचो. आता मी बोलायचीच नाही. टाके निघाले, अंगठा वाकू लागला, तुतीच्या काठ्या बाल्कनीत वाळून खडखडीत झाल्या, आणि मी त्यांच्याकडे पाठ करून बसायची. मला त्या वयात दुसरं काही येत नव्हतं. गणित येत नव्हतं, गाणं येत नव्हतं, स्वयंपाकात माझी पोळी नकाशासारखी. लाकूड येत होतं, आणि ते कुलपात होतं.

संक्रांतीला आमचं मंडळ बस करून पानिपतला जायचं, काला आंबच्या लढाईच्या स्मारकापाशी. मराठी माणसाला दिल्लीत राहून त्या दिवशी तिथे न जाणं जमत नाही. जिथे आपली एवढी माणसं पडली तिथे फूल वाहायचं, थंडीत दोन मिनिटं गप्प उभं राहायचं, आणि मग बसजवळ येऊन डबे उघडायचे. म्हणून आमच्याकडचं हळदीकुंकू कधी संक्रांतीला नसे, पुढच्या रविवारी असे. त्या वर्षी डब्यात गुळाच्या पोळ्या, तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी, त्यात दिल्लीचं लाल गाजर सढळ हातानं. परांजपेकाकू, मंडळातल्या सगळ्यात तिखट बाई, आईला म्हणाल्या, “मग मालतीबाई, रविवारी तुमच्या मंदाचे चमचे बघायला मिळणार ना? की ते नुसतं बोलणंच?” मी भाकरीचा घास हातात धरून बसले. आईला सहज सांगता आलं असतं, मुलीला लागलं हो. सगळ्यांनी हळहळ केली असती आणि गोष्ट मिटली असती. आई म्हणाली, “होतायत तयार.” घरी येईपर्यंत बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेतून आले तर बाल्कनीत उन्हात दोन पाट मांडलेले. एकावर आई बसलेली, समोर विळी. “बस,” म्हणाली. “आता मला दाखव, लागलं तेव्हा काय करत होतीस.” मी तळहातात काठी धरून, हवेत नसलेली सुरी चालवून दाखवलं. तिनं डोळे मिटले. मग म्हणाली, “आधी तू असं करत नव्हतीस. गुडघ्याला टेकवून करायचीस. ते का सोडलंस?”

मला वाटत होतं तिनं मला कधी तासताना नीट पाहिलेलंच नाही. मी सुताराचं सांगितलं. चाचांचंही.

“त्यांना काय कळतंय,” आई म्हणाली. सुतार आणि धारवाला, दोघांनाही तिनं एका वाक्यात निकालात काढलं. “मी अठरा वर्षं चिरतेय. बोट एकदाही कापलेलं नाही. का? पातं हलत नाही म्हणून. दोन्ही हात भाजीवर असतात, नजर धारेवर. हलायचं ते भाजीनं.” तिनं एक गाजर घेतलं आणि विळीवर असं सरसर चिरलं की चकत्या पारदर्शक पडल्या. मग अर्धा नारळ घेऊन खवणीवर फिरवला. “आणि खळगा असा होतो. टोक खुपसून नाही. वस्तू फिरवायची, खवणी जागेवर.”

ती उठली, कपाट उघडलं आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली पुरचुंडी आणली. सोडली तेव्हा खोबरेल तेलाचा वास आला. चारही पाती स्वच्छ होती, दोन महिन्यांत गंजाचा ठिपका नाही. पातं उघडं ठेवलं की गंज धरतं, म्हणून दर गुरुवारी विळीबरोबर यांनाही तेलाचं बोट लावायची, असं तिनं मी विचारण्याआधीच सांगून टाकलं, जणू काही विशेष नाही. मग तिनं एकेक पातं उन्हात धरून पाहिलं. आयुष्यात सुरी न वापरलेली बाई, पण धारेकडे बघायची नजर तिला होती. पोटुशीचं वळण तिनं विळीच्या पात्याशी लावून पाहिलं. “ही घे. ही विळीची लेक दिसतेय.” वाकडी उचलली, “ही खवणीची.” सरळीला म्हणाली, असू दे. शेवटी राणी हातात घेतली.

“हिचं काम काय?”

“दिसते छान,” मी म्हटलं. खोटं कुठे बोलायचं.

“मग ही कपाटातच बरी. दिसायला छान वस्तू आपण कपाटातच ठेवतो.” आणि तिनं ती खरंच परत नेऊन तिच्या शालूच्या घडीशेजारी ठेवली. ती आज माझ्याकडे आहे. ऑनलाइन आलेली पार्सलं तिनं फार सुंदर उघडतात.

परत येऊन आई पाटावर बसली आणि तिनं पोटुशी माझ्यापुढे धरली, मूठ माझ्याकडे. मी वाट बघत राहिले, ती खाली ठेवेल म्हणून. ती ठेवेना.

“खाली ठेव की,” मी म्हटलं. “भांडण होईल.”

“दोन महिने दुसरं काय चाललंय?” आई म्हणाली. “झालं तेवढं पुरे. धर.”

मी धरली. तिच्या हातून थेट माझ्या हातात आली, आणि दोघींचे हात क्षणभर त्या एका मुठीवर होते. मला रडू आलं. आईनं तोंड फिरवलं आणि मटार सोलायला घेतले, एकही दाणा न सांडता.

चार दिवसांत मी सात चमचे केले. शाळेतून आले की पाटावर. मूठ गुडघ्याला, धार पलीकडे, लाकूड आपल्याकडे. वाकडी दोन पायांत घट्ट धरून चमचा तिच्यावर नारळासारखा फिरवायचा. शेजारी आई तिच्या विळीवर, दोन्हीकडून तोच आवाज. गुरुवारी चाचा आले. मी त्यांच्यासमोर मुद्दाम तसंच करून दाखवलं. त्यांनी सायकल थांबवून, पाय टेकून पाहिलं, मग खाली वाकून पोटुशीची धार पुन्हा एकदा नीट लावून दिली आणि पायरीवर ठेवली. “माताजी से कहना, हम सीख गए.” आज परदेशातल्या लोकांचे व्हिडिओ बघते तर गुडघ्याला टेकवून तासायची रीत तिथेही आहे आणि ती फार सुरक्षित म्हणून शिकवतात. शिकवोत. आमच्या बाल्कनीत ती आधीपासून होती.

पाचवा चमचा, ज्याच्या वाटीत माझ्या रक्ताचा डाग उतरला होता, तो मी फेकायला निघाले होते. आईनं तो काढून घेतला आणि आपल्या मिसळणाच्या डब्यात हळदीच्या वाटीत घातला. महिन्याभरात तो इतका पिवळा झाला की डाग कुठला आणि हळद कुठली, कळेना. मला मात्र माहीत होतं कुठे आहे ते.

रविवारी अकरा जणी आल्या. तीळगूळ, हळदीकुंकू, अत्तर, आणि प्रत्येकीच्या ओटीत एक तुतीचा चमचा. परांजपेकाकूंनी त्यांचा उजेडाकडे धरला, वाटीत बोट फिरवलं, दांड्याच्या वळणाशी थांबल्या. त्यांना खोड काढायची होती, आणि काढायला जागा नव्हती. “चांगलं आहे हो,” म्हणाल्या, जरा नाइलाजानंच. “पण हे मुलीला शिकवलं कुणी? इथे कुठे क्लास आहे का?”

मी तोंड उघडलं. धारवाले चाचा, असं सांगणार होते. त्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक होतं. आई कुंकवाचा करंडा घेऊन माझ्या शेजारी उभी होती.

“मी,” आई म्हणाली.

सगळ्यांना माहीत होतं की मालतीबाईंच्या घरात सुरीनं कांदासुद्धा चिरत नाहीत. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मी काय म्हणते ते ऐकायला. आईचं वाक्य मी खोडलं नाही असा एकही दिवस तोवर गेला नव्हता, आणि हे त्या खोलीत सगळ्यांना पाठ होतं.

“हो,” मी म्हटलं. “आईनं.”